पाण्यापलीकडची प्रत

भाऊ हीउमा बेटावर, मी सारेमावर.
मधे एस्तोनियाचा समुद्र, छोट्या बोटीने तासाभराचा.
महिन्याच्या पहिल्या शनिवारी एन्दल त्रीगीच्या धक्क्याला लागतो,
पुरता उतरतही नाही,
बिस्किटांचा डबा माझ्या हातात देतो
आणि माझ्याकडचा घेऊन त्याच बोटीने परत.

डब्यात लोकरी मोजा. मोज्यात हार्ड डिस्क,
साबणाच्या वडीएवढी.
एकीला लाल दोरा, एकीला निळा.
लाल आली की निळी जाते.
इतकंच. सत्तरीच्या माणसाला
याहून अवघड झेपत नाही, म्हणतो.
चाळीस वर्षं दीपगृहाचे दिवे सांभाळलेत त्याने,
त्याच्या तोंडी ते शोभतं.

मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही.
मी डिस्क ठेवते फडताळात, पिठाच्या बरणीमागे,
चिठ्ठीवर पेन्सिलीने तारीख घालते.
शाई ओलीत पसरते, हेही त्यानेच सांगितलेलं.
आत काय आहे विचारलं तर म्हणाला,
सगळं.
वडिलांची पत्रं, एकेक पान काचेवर पालथं घालून घेतलेली.
एकोणीसशे त्र्याऐंशीपासूनचा वारा, दिशेसकट.
मुरी कुत्री, पिल्लू होती तेव्हापासून.
आणि चौदा सेकंद आई:
संध्याकाळी गाईला हाक मारतेय,
मुस्तिक, मुस्तिक,
मग दार आपटतं.

'जोडून ठेवलेली प्रत ही प्रतच नव्हे.
काम झालं की वायर काढायची.
वीज तारेतून येते, चोर दारातून येतो,
आणि मी तर घरातच असतो,
नको तिथे बोट लावून पुसून टाकणारा.
यातलं कुणी पोहत तुझ्याकडे येत नाही.'

मग एप्रिलात आमचं वाजलं,
आईच्या सफरचंदाच्या झाडांवरून.
मी म्हटलं, तुझा डबा तुझ्यापाशी ठेव.
मेचा शनिवार गेला, जूनचा गेला.
मी धक्क्यावर गेले नाही.
तो आला होता का, कुणाला विचारलंही नाही.
माझ्या फडताळात निळी. मार्चची.

ऑगस्टात त्याच्या घरावर वीज पडली.
नेमका तेव्हाच नक्कल करत बसला होता,
लाल दोरा टेबलावर लोंबत.
संगणक गेला, लाल गेली,
स्वयंपाकघरातला रेडिओसुद्धा गेला.
रात्री शेजाऱ्याच्या मोबाइलवरून फोन.
चार महिन्यांतलं पहिलं वाक्य:
'हेल्वी, तुझ्याकडे काय आहे?'

मी पीठ बाजूला केलं. टॉर्च धरला.
'मार्च,' म्हटलं.
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.
मग म्हणाला, मार्चनंतर तसं काही नव्हतंच.
वारा. थोडे क्रौंच, उत्तरेकडे जाताना.
मुरी मेमध्ये गेली,
तिचे शेवटचे दिवस काढले होते, उन्हात, पायरीवर.
एवढंच.

त्या 'एवढंच'ने मला डोळा लागू दिला नाही.
झाडं चार होती. त्यातलं एक वठलेलं.

सकाळची बोट. डबा मांडीवर.
मोज्यावर आणखी एक मोजा चढवला होता,
त्याने काय होतं कोण जाणे.
सामान चढवणारा रासमुस, कोवळा पोरगा,
हात पुढे करून म्हणाला, द्या आजी, काय आहे यात?

आता याला काय सांगायचं.
'गाय,' म्हटलं. 'काळी.
हळू धर.
नाहीतर राहू दे, मीच घेऊन बसते.'